भाऊंचं नाव माझ्या नावावर

९ जाने. २००६, ब्रह्मपुरी
मिळालं! झाडीसोयरीक डॉट कॉम आता माझं. मुदत संपली तरी वधूवर मंडळाच्या भाऊंनी भरणा केला नाही, मी टपूनच बसले होते. वेबसाइटची अशी सुटलेली नावं घेऊन विकते, नेट कॅफेचं भाडं निघतं. हे मात्र विकायला नाही घेतलं. दोन वर्षांपूर्वी भाऊंच्या मंडळात फोटो द्यायला गेले, तर चार लोकांसमोर म्हणाले, "सोडलेल्या बाईचा फोटो आमी ठेवत नाई." नवऱ्याला मी सोडलं होतं. ते कोण ऐकतं.

१२ जाने.
भाऊंना पत्ताच नाही. मंडळाचं नवीन कॅलेंडर घरोघरी वाटून झालं, खाली ठळक झाडीसोयरीक डॉट कॉम. आईनेही चुलीवरच्या भिंतीला टांगलंय. मंडळाचे मेल आता मला येतात. सगळे मुलींच्या बापांचे. मुलगी गोरी, गृहकृत्यदक्ष. एकही सावळी नाही या जिल्ह्यात!

१६ जाने.
भाऊंना कळलं कुठूनतरी, कॅफेत येऊन गिऱ्हाइकांसमोर ओरडले. "माह्यं नाव तू काऊन घेतलं? मी रजिस्ट्री केली होती!" प्लॉटच वाटला त्यांना, एकदा रजिस्ट्री झाली की नातवापर्यंत बघायला नको. "समाजातून काढीन तुले!"
म्हटलं, आधी आत तर घ्या, मग काढा.
बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१९ जाने.
नागपूरवाल्याचा फोन. हा माणूस असली नावं विकत घेऊन त्यांवर घाणेरडे फोटो लावतो. "कॅलेंडर पे छपा है? फिर तो सोना है, मॅडम." देऊन टाकावं. भाऊंचं नाक कापलं जाईल. पण ते कॅलेंडर पाहून नाव टाइप करणार मुलीच, आणि समोर उघडणार ते फोटो.

२१ जाने.
आरमोरीहून मेल. मुलीने स्वतः लिहिलंय. लग्न मोडलं, माहेरी परत आली. "माह्यासारख्या पोरींचं नाव घेता का तुमी? नाई घेत असाल तरी कळवा. वाट पाहणं तरी सुटन."
दिवसभर चिडचिड. कॅफेतल्या पोरांवर उगाच खेकसले.

२३ जाने.
भाऊंकडे गेले. नाव फुकट परत देते म्हटलं, अट एकच. सोडलेल्या, विधवा, सगळ्यांची नावं बाकी मुलींच्या बरोबरीने लावायची. नाहीतर नागपूरवाला घेणार, आणि तो काय लावणार तेही स्पष्ट सांगितलं.
तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून म्हणाले, "त्यापेक्षा त्यालेच इक."
त्यांची बायको दारातच होती. पदराला हात पुसत आत गेली.

२४ जाने.
नागपूरवाल्याचे तीन फोन. उचलले नाहीत. आरमोरीच्या मुलीचा पुन्हा मेल, एकच शब्द, "कळवा." मंडळाच्या पत्त्यावरूनच उत्तर लिहिलं, "हो, घेतो. फोटो पाठव." पाठवूनही दिलं. भाऊ बोंबलतील, बोंबलू देत.
आता मंडळ कुठून आणू?