दोन थेंब मशीनचं तेल

५ जानेवारी, रविवार. सकाळचे अकरा.

आजपासून लिहायचं ठरवलं. वही जुनीच, मापांची. डाव्या पानावर कोणाच्या तरी बाहीची लांबी, कोणाचा तरी कमरेचा घेर, उजवं पान कोरं. उजव्या पानावर मी. चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर वळणदार आहे असं शाळेतल्या बाई म्हणायच्या. त्याच बाई पुढे माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकायच्या आणि दर वेळी म्हणायच्या की मागच्यापेक्षा घट्ट झाला. मी शिवलेला घट्ट होत नसतो, माणूस सैल होतो. असो. ते नंतर.

मुद्दा व्हायोलिनचा. आमची नात भिंगरी, वय आठ, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. दर शनिवारी ती व्हायोलिनच्या क्लासला जाते. तिथल्या मास्तरांची रीत अशी, की मार्चच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक मुलाने घरातल्या एका मोठ्या माणसाला जोडीला घेऊन एक गाणं वाजवायचं. मोठ्यानेही रीतसर शिकून वाजवायचं, नुसतं शेजारी उभं राहून चालत नाही. जोडीचं नाव फेब्रुवारीत द्यायचं.

भिंगरीला आज्या दोन. मी घरची आजी. आणि विहीणबाई, म्हणजे सूनबाईच्या आई, त्या गाडीची आजी, कारण स्वतः गाडी चालवत येतात. केस कापलेले. पोहायला जातात. या वयात पाण्यात काय हरवलंय कोण जाणे. दोन महिन्यांपासून भिंगरीच्या क्लासात व्हायोलिनही शिकतात. काल भिंगरी फोनवर मैत्रिणीला सांगत होती की माझी गाडीची आजी व्हायोलिन वाजवते. आणि घरची काय करते, तर म्हणाली, ती घरी असते.

मला हेवा वगैरे काही नाही. मी फक्त चिरंजीवांना सांगून क्लासातून एक व्हायोलिन मागवलं.

ठराव: रोज एक तास प्रॅक्टिस. माझे हात चाळीस वर्षं शिलाई मशीनवर चाललेत, विहीणबाईंच्या हातांना स्टीअरिंग सोडून काय माहीत? महिन्याभरात पुढे जाईन.

८ जानेवारी, बुधवार.

प्रॅक्टिस वीस मिनिटं. तास का नाही, तर सुरुवातीला अंगावर घेऊ नये.

आवाज निघाला. मोठा निघाला. आमच्या ह्यांनी कानातलं ऐकू यायचं मशीन काढून खिशात घातलं आणि म्हणाले, छान चाललंय. त्यांना गाण्यातलं कळतं.

खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड कंपाउंडर वर आले. म्हणाले, वहिनी, तुमचं कुठलं तरी दार फार करकरतंय, बिजागरीला तेल सोडा, माझ्याकडे कुपी आहे. मी म्हटलं, भाऊजी, ते व्हायोलिन आहे. त्यांनी आत डोकावून बघितलं. मग म्हणाले, तरी बघा. आयुष्यभर पुड्या बांधल्या बिचाऱ्यांनी, संगीत कधी ऐकणार.

११ जानेवारी, शनिवार.

पहिला क्लास. दाताच्या दवाखान्यावरची खोली, खालून ड्रिलचा आवाज, वर आम्ही. दहा मुलं आणि चार मोठी माणसं. जाताना विहीणबाई गाडी चालवत होत्या, मी मागे भिंगरीला खेटून बसले. आता जवळची कोण ते ज्याचं त्याने ओळखावं.

मास्तरांनी बो धरायला शिकवला. बो म्हणजे ती घोड्याच्या केसांची काठी, तारांवर फिरवतात ती. मी कात्रीसारखा धरला. मास्तर म्हणाले, आजी, काही कापायचं नाहीये. मुलं हसली. विहीणबाई हसल्या नाहीत, उलट म्हणाल्या, ताई, खांदा सैल सोडा, मलाही पहिल्यांदा असंच झालं होतं. बघा, म्हणजे आपण पुढे गेलोय हे किती गोड शब्दांत सांगावं.

शेवटी मास्तरांनी प्रत्येकाला एक तपकिरी वडी दिली. राळेची. रोज बोच्या केसांना घासायची म्हणाले. मी घासली. पांढरी भुकटी उडाली, व्हायोलिनवर सगळीकडे पीठ. आवडलं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार.

प्रॅक्टिस नाही. गुडघा.

(गुडघ्याचा काय संबंध असं ह्यांनी विचारलं. उभं राहूनच वाजवतात, एवढंही माहीत नाही.)

१८ जानेवारी, शनिवार.

व्हायोलिनवर बोट कुठे ठेवायचं याची खूणच नाही. नुसता काळा दांडा. म्हणून मी काल माप घ्यायच्या टेपचे तुकडे अर्ध्या अर्ध्या इंचावर चिकटवले. स्वच्छ काम झालं. मास्तरांनी क्लासात बघितलं आणि म्हणाले, आजी, हे कानाने शोधायचं असतं. मी म्हटलं, मास्तर, कानाने शोधून कोणाची बाही लावून दाखवा. ते हसले. टेप मात्र काढायला लावली.

विहीणबाईंनी आज दोन ओळी न थांबता वाजवल्या. भिंगरी त्यांच्याकडे असं बघत होती, जसं एके काळी माझ्याकडे बघायची, मी सुईत दोरा ओवताना. तेव्हा तोंड उघडं ठेवून बघायची. घरी येऊन उगाच चार सुया ओवून ठेवल्या. लागतात कधी कधी.

२३ जानेवारी, गुरुवार. दुपारी तीन.

आज मोठं काम केलं. मास्तरांनाही सुचलं नसतं.

बसून विचार केला. व्हायोलिन करकरतं का? माझ्या मशीनने कधी करकर केली तर मी काय करायचे? आधी साफसफाई, मग तेल. कंपाउंडर भाऊजी अगदीच काही चुकीचं बोलले नव्हते. आणि ती राळेची भुकटी म्हणजे धूळच की. धुळीने किती मशीनं बिघडलेली मी पाहिलीत.

बोचे केस शाम्पूने धुतले. भिंगरीच्याच शाम्पूने, डोळ्यांना न झोंबणाऱ्या. बाल्कनीत दोरीला चिमट्याने लटकवून वाळवले. मग मशीनच्या तेलाचे दोन थेंब बोटावर घेऊन वरपासून खालपर्यंत हळूहळू चोळले. काय तुकतुकी आली. तपकिरी वडी देवळीत ठेवून दिली, कोणाला हवी तर घ्या.

संध्याकाळी पाच. वाजवून बघितलं. करकर साफ गेली. बो असा सरकतो, जसं अस्तराच्या सॅटिनवरून सॅटिन. आवाज इतका मऊ, की लक्ष देऊन ऐकावा लागतो. माझा कान तयार होत चाललाय.

२५ जानेवारी, शनिवार.

क्लासात सगळ्यांनी मिळून वाजवलं. चौदा व्हायोलिनं एकदम. मास्तर फिरत फिरत माझ्याजवळून गेले आणि म्हणाले, आजी, आज तुमचं काहीच खटकलं नाही. दोन आठवड्यांत हे ऐकायला मिळालं. विहीणबाईंना मिळालं का कधी?

त्यांनीही ऐकलं असणार. कारण क्लास सुटल्यावर त्या जवळ आल्या, माझा बो बराच वेळ बघत राहिल्या, केसांना एक बोट लावलं, बोट रुमालाला पुसलं. काहीतरी बोलणार होत्या. भिंगरीने त्यांचा हात ओढला, बाजूला नेलं, दोघी कुजबुजल्या. परत आल्या त्या थेट गाडीची किल्ली काढत. चेहराच सांगत होता. माणसाचं इतकं जळू नये.

३ फेब्रुवारी, सोमवार.

घरात सगळे खूश. चिरंजीव म्हणाले, आई, आता अजिबात त्रास होत नाही. सूनबाई म्हणाली, तुमची प्रॅक्टिस चालू असताना मी ऑफिसचे फोनसुद्धा करू शकते. कंपाउंडर भाऊजी जिन्यात भेटले, म्हणाले, तेल सोडलंत ना, सांगितलं होतं मी. एवढ्या एकाच माणसाला माझी कदर.

ह्यांनी मशीन परत कानात घातलं. मी पंधरा मिनिटं वाजवत होते, तेव्हा पेपर खाली ठेवून विचारलं, कधी सुरू करतेयस? ह्यांचं हे असंच. लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर विचारलं होतं, सुरू झालं का.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

मास्तरांनी विहीणबाईंना पुढे बोलावून पूर्ण गाणं एकटीने वाजवायला लावलं. वाजवलं. वाईट नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, दोन.

लांब बोटं जन्मतः मिळालेली, त्यात कष्ट ते काय? पोहून पोहून दम वाढलेला. आणि घरी एकट्या असतात, दिवसभर वाजवत बसायला कोण अडवणार. मला इथे सतरा कामं. आज परतीच्या वाटेत म्हणाल्या, ताई, बुधवारी माझ्याकडे या, दोघी बसून प्रॅक्टिस करू, तुमचा बोही बघू. मी म्हटलं, बघते. म्हणजे माझी रीत हवी आहे यांना. तेलाची गोष्ट मी कोणाजवळ बोललेली नाही.

भिंगरीचा फ्रॉक घेतला शिवायला. निळा, पुढे व्हायोलिनच्या आकाराचा खिसा. याचा जोडी निवडण्याशी काही संबंध नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार. क्लासाहून येऊन लगेच लिहिते आहे.

मास्तरांनी मुलांना एकेक करून विचारलं. कोणी बाबा म्हणालं, कोणी मामा. भिंगरीची पाळी आली. मी वहाणेकडे बघत होते. ती म्हणाली, घरची आजी.

मास्तरांनी परत विचारलं, नक्की? तिने मान हलवली, एकदा नाही, तीनदा.

विहीणबाई म्हणाल्या, छान, मी पुढच्या रांगेत बसेन. आणि हसल्या. एवढं हसू आणायला किती जोर लागला असेल. मला वाईट वाटलं त्यांचं. थोडं. गाडीत मागे बसून मी सगळ्या वाटेने खिडकीबाहेर बघत होते, कारण तोंड मिटत नव्हतं.

ठराव: आता रोज दोन तास.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.

दोन तास झाले नाहीत. फ्रॉकची काजं उरली होती. पण तयार कलाकाराने फार प्रॅक्टिस करू नये, हात शिळा होतो. बोच्या केसांना मात्र रोज तेलाचा एक थेंब.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी सात.

झाला प्रोग्रॅम.

शाळेचा हॉल भरलेला. भिंगरी निळ्या फ्रॉकमध्ये, मी शेजारी. तिचा बो वर तर माझा वर, तिचा खाली तर माझा खाली. मधे एका जागी भिंगरीच्या फ्रॉकचा पट्टा खांद्यावरून घसरला, ती वाजवायची थांबली, पट्टा वर केला, पुन्हा सुरू झाली. मी नाही थांबले. एकटीने सांभाळलं. त्या वेळी हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

मग टाळ्या. पहिल्या रांगेत विहीणबाई उभ्या राहून वाजवत होत्या. मास्तर स्टेजवर म्हणाले, ही जोडी कमाल आहे. एक आई येऊन म्हणाली, आजी, डोळे मिटले तर एकच व्हायोलिन वाजतंय असं वाटत होतं. अशी जुळणी व्हायला लोकांना वर्षं लागतात.

पट्टा सैल राहिला, ती चूक माझी. बाकी सगळं सरळ टाक्यात.

९ मार्च, रविवार. दुपार.

चिरंजीवांनी व्हिडिओ लावला. टीव्हीवर, मोठा. विहीणबाईही जेवायला होत्या. आवाज वाढव म्हटलं, वाढवला. अजून वाढव म्हटलं. भिंगरीचं व्हायोलिन खणखणीत. माझं काही येईना. मी म्हटलं, फोनला मऊ आवाज पकडता येत नाही.

मग तो पट्ट्याचा भाग आला. भिंगरी थांबली. आणि काहीच नाही. माझा बो वर, खाली, वर, खाली, मान डोलतेय, डोळे अर्धे मिटलेले, आणि काहीच नाही. मागे कोणीतरी खोकलं, ते स्वच्छ ऐकू आलं.

ह्यांनी कानातलं मशीन काढून बघितलं, की बिघडलं का.

११ मार्च, मंगळवार.

भिंगरी शाळेतून आल्यावर विचारलं. तिने बिस्किट खात खात सांगितलं. म्हणाली, आजी, तुझं व्हायोलिन वाजतच नाही, जानेवारीपासून. बोच्या केसांना तेल लावलं की तो तारेला धरत नाही, नुसता घसरतो. ती वडी त्याला चिकटपणा यायला असते. सगळ्यांना माहीत आहे. मास्तरांनापण.

मी विचारलं, मग मला का घेतलंस?

म्हणाली, गाडीची आजी इतकं छान वाजवते की लोक तिचंच ऐकतात, आणि मग माझ्या चुका कळतात. तुझ्याबरोबर सगळं माझंच ऐकू येतं. शिवाय तू मजेत होतीस. गाडीची आजी तुला सांगणार होती, मीच तिला शपथ घातली. तिने तुझ्यासाठी नवा बो पण आणून ठेवलाय, कधीचा. गाडीत आहे, मागच्या सीटखाली.

म्हणजे दर शनिवारी मी त्याच्यावर बसून जात होते.

१५ मार्च, शनिवार. सकाळी दहा.

विहीणबाईंनी बो आणून दिला. वडी कशी घासायची ते दाखवलं. बोटं खरंच लांब आहेत त्यांची. मी चहा केला. त्यांना साखर लागत नाही हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, दर वेळी दोन चमचे घालत आले आणि त्या पीत आल्या.

भिंगरीला सहज विचारलं, पुढच्या वर्षी कोण? म्हणाली, आजी, तू परत तेल लावणार असशील तर तू.

त्या गेल्यावर दार लावून वाजवलं. नवा बो, वडी घासून. आवाज निघाला. मोठा निघाला. ह्यांनी मशीन खिशात घातलं आणि म्हणाले, छान चाललंय.

पाचव्या मिनिटाला बेल वाजली. कंपाउंडर भाऊजी. या खेपेला कुपी घेऊनच आले होते.