माझा साडेतीनशे फुटी चर

७ मे १९५८, देवरीजवळची खाण
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
आमची मॅंगनीजची खाण उघडी, म्हणजे टेकडी वरून सोलत जायची. खाली गावाचा तलाव. खाणीचा काळा गाळ त्यात गेला की पाणी सोडायचं तोंड बुजणार आणि गावाचं धान वाळणार. तसं झालं तर खाण बंद, आणि त्याआधी तुम्ही बंद, असं मॅनेजरसाहेब म्हणाले. माती-पाण्याचा सुपरवायझर मीच. पावसाला सहा आठवडे आहेत. चिंता नाही, डिप्लोमा आहे.
संकल्प : रोज पहाटे पाचला उठणे.

८ मे, सकाळी ९
उठलो. उशीर मच्छरांमुळे.
वरची सुपीक माती वेगळी काढून मोठा ढीग लावला. खाण भरली की हीच माती वर पसरायची, असं पुस्तकात आहे. ढिगावर बकाराम चौकीदार नेमला. माणूस विश्वासू वाटतो.

१४ मे
पश्चिमेला चर खोदायला घेतला. गढूळ पाणी त्यात अडेल, तलाव वाचेल. नकाशात उतार तिकडेच आहे.
गावातला देवचंद कोहळी बघायला आला. त्याचे आजे-पणजे तलाव बांधत आले म्हणे. म्हणाला, काऊन खोदून राहिले बाबू तिकडं, पानी तर पळसाकडून येते. मी नकाशा दाखवला. त्याने तो फिरवून धरला. अडाणी! मग लोटाभर पाणी जमिनीवर ओतलं. ते पूर्वेच्या पळसाच्या झाडांकडे गेलं, हे खरं. पण एका लोट्याने सायन्स बदलत नाही.

२२ मे
ढीग लहान दिसतो. माती बसते. याला सेटलमेंट म्हणतात.

२९ मे
ढीग अर्धा सेटल झाला. बकाराम म्हणाला, वाळवी असंल. वाळवी इतकी माती खाते हे पुस्तकात नाही, पण पुस्तक विलायती आहे.
पाचला उठणं सोमवारपासून.

३ जून
चोरी! ढिगापाशी बैलबंडीच्या चाकोऱ्या. बकारामला झापलं, तर म्हणतो हरणं येत असतील. हरणं बंडी जुंपतात काय रे लेका? उद्या मी स्वतः पहारा देणार. माती गेली तर खाण भरल्यावर वर काय पसरू, माझं डोकं?

४ जून
पहारा दिला. दुपारी मोहाच्या झाडाखाली डोळे मिटून विचार केला. विचार संपला तेव्हा चार वाजले होते आणि आणखी बरीच माती गेली होती. देवचंदची बायको धुरपताबाई डोक्यावर हरळीची टोपली घेऊन चालली होती. विचारलं तर म्हणाली, काई नाई बाबू, झोपा तुमी. भली बाई आहे.

११ जून
चर पूर्ण. साडेतीनशे फूट. साहेबांना कळवलं : तलाव सेफ.

२० जून
सकाळपासून तीन तास धो धो. नोकरी तर जाईलच, पण अख्ख्या गावाचं धान! छत्री टाकून चराकडे पळालो.
चर कोरडा! आतून ठणठणीत. तलावही स्वच्छ. माझं डिझाइन इतकं जबरदस्त, की पाण्याची यायचीच हिंमत झाली नाही. साहेबांना पाहणीला बोलावलं. आता बढती पक्की.

२१ जून
साहेब आले. चर दाखवत होतो, पण पळसाकडे देवचंद आणि माणसं दिसली, तसे ते सरळ तिकडे चालत गेले. तिथे कमरेएवढी, लांबलचक पाळ, म्हणजे मातीचा बांध! पाळीमागे काळं पाणी तुंबलेलं, गाळ तळाशी बसलेला, आणि एका कोपऱ्यातून निवळ पाणी तलावात चाललेलं. पाळीवर माझी माती. मातीवर हरळी लावलेली.
मी पटकन म्हणालो, हा आपला दुसरा प्लॅन.
साहेबांनी देवचंदला विचारलं, खाणीची माती का नेली? तो म्हणाला, नुसता मुरूम वाहून जाते साहेब, गवत धराले जिती माती लागते. खाण भरली की न्या परत, तवर जितीच राहते. न विचारता का नेली, असं विचारलं तर म्हणाला, इचाराले दरखेपेस आलो होतो, दरखेपेस बाबू मोहाखाली झोपून होते. बकाराम हसला. तो देवचंदचा मेहुणा निघाला. हे खाणीत सर्वांना माहीत होतं.
धुरपताबाई गुडघाभर चिखलात उभी राहून उरलेली हरळी लावत होती. मला लाज वाटली. इथे लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही.

२३ जून
ऑर्डर आली. पावसाळाभर माती-पाण्याचं काम देवचंद सांगेल तसं. मी त्याचा मदतनीस. उद्या पाचला पाळीवर हजर राहायचं आहे.
माझा चरही मंजूर झाला. मजुरांच्या संडासासाठी. साहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, भर पावसात इतकी कोरडी जागा अख्ख्या टेकडीवर दुसरी सापडली नसती.