बिनबिल्ल्याची म्हैस

२ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस. पद : ग्रामीण विमा अधिकारी. बायको शेजारणीला "एजंट झालेत" म्हणाली. दोनदा दुरुस्त केलं.
ट्रेनिंगमध्ये साहेब म्हणाले, गरिबाचं घर एका जनावरावर उभं असतं. जनावर मेलं की घर बसतं. ते बसू नये म्हणून आपण. ऐकून डोळे भरून आले. साहेबांनी पाहिलं असावं. मी रुमाल मुद्दाम सावकाश काढला होता.
कंपनीकडून मिळालं : एक बॅग, एक टोपी, पिवळे नंबरी बिल्ले आणि जनावराच्या कानाला भोक पाडून बिल्ला बसवायचा चिमटा. नियम सोपा. कानात बिल्ला असेल तर पैसे, नसेल तर नाही. एवढं साधं असूनही गरिबी अजून का हटली नाही, कळत नाही. माणसं कमी पडली असावीत.

५ जून
सुरुवात घरच्या माणसापासून. वहिनीकडे गेलो. दादा गेल्यापासून गावात ती आणि एक म्हैस. पुतणी शहरात नर्सिंगला आहे, तिची फी म्हशीच्या दुधातून निघते. आदर्श ग्राहक.
मी अर्धा तास बोललो. वहिनी म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही, भाऊजी. तुम्ही म्हणताय म्हणून देते." तीन महिन्यांचा हप्ता दिला. हा विश्वास पैशाने विकत मिळत नाही.
म्हैस मात्र सहकार्य करणारी नव्हती. चिमटा घेऊन जवळ गेलो तर तिने मान खाली घालून माझ्याकडे पाहिलं. मी भित्रा नाही, पण जनावर अस्वस्थ असताना भोक पाडू नये असं पुस्तिकेत आहे. (बघून खात्री करायची.) वहिनी म्हणाली, "आणा तो चिमटा इकडे, मी मारते." तिला सांगितलं, हे अधिकृत माणसाचं काम.
फोटो तर हवाच. बिल्ला दोऱ्याने काठीला बांधला आणि लांबून म्हशीच्या कानापाशी धरला. झकास फोटो आला. काठी दिसतही नाही.
बिल्ला पुढच्या फेरीत बसवू. तोवर माझ्या बॅगेत सुखरूप.

२१ जून
त्रेचाळीस जनावरं झाली. बाकी ठिकाणी चिमटा मालकच मारतात, मी देखरेख करतो. अधिकाऱ्याने देखरेखच करायची असते.
वहिनीकडे जायचं राहिलं. तिचं गाव टार्गेटच्या वाटेवर नाही.

९ जुलै
वहिनीचा निरोप : बिल्ल्याचं काय झालं? कळवलं की कागदोपत्री सगळं झालेलं आहे. लोकांचा कागदावर विश्वास नाही, हीच खरी अडचण.

२ ऑगस्ट, सकाळी
वहिनीचा फोन. म्हैस रात्रीतून पोट फुगून मेली. मग म्हणाली, "भाऊजी, विमा आहे म्हणून जिवात जीव आहे."
वाईट वाटलं. पण खोटं कशाला लिहू, थोडा उत्साहही वाटला. आपला पहिला क्लेम! वहिनीच्या हातात चेक देतानाचा फोटो पेपरात आला तर पंचक्रोशी रांग लावेल. साहेबांना लगेच कळवलं. ते म्हणाले, उद्या जातीने येतो.

२ ऑगस्ट, दुपारी
बिल्ल्याचं आठवलं.

३ ऑगस्ट
साहेब आणि गुरांचा डॉक्टर दोघेही आले. मी आधी पोचून काहीतरी करणार होतो, पण नेमकी गाडी पंक्चर. माझ्या कामात माशी शिंकल्याशिवाय राहत नाही.
डॉक्टरने म्हशीचे दोन्ही कान उलटून पाहिले. म्हणाला, "यात बिल्ला कधी बसलेलाच नाही. भोकच नाही."
साहेबांनी मोबाईलवर माझा जूनमधला फोटो उघडला. फोटोत बिल्ला. ते मला म्हणाले, "फोटो तुम्हीच काढलाय ना?"
मी म्हणालो, "हो." एक अक्षर खोटं बोललो नाही.
साहेब हसले. म्हणाले, "मग सरळ आहे. विमा काढला एका म्हशीचा आणि मेली दुसरीच. हे लोक दिसतात साधे."
वहिनी म्हणाली, "माझ्याकडे दुसरी म्हैस होती कधी? भाऊजी, तुम्हीच सांगा."
मी घड्याळ पाहिलं. नात्यातल्या माणसाने चौकशीत बोलू नये असा संकेत आहे. लेखी नसेल, पण आहे.
परतताना साहेब म्हणाले, "नातं असून मध्ये पडला नाहीत. आवडलं."

१४ ऑगस्ट
क्लेम नामंजूर. कारण : फसवणूक. वहिनीचं नाव यादीत गेलं. ही यादी बँकांनाही जाते म्हणे. आपल्या कंपनीची पोच किती दूरवर आहे!
वहिनीने फोन केला. वाटलं, आता बोलणार. तिने विचारलं, "तुमच्या नोकरीला धक्का नाही ना लागला?" नाही म्हणालो. म्हणाली, "मग झालं."
असं बोलून माणूस समोरच्याला अपराधी ठरवतो. हे तिच्या लक्षात येत नसेल.
निश्चय : सोमवारी साहेबांना सगळं खरं सांगायचं.

१८ ऑगस्ट, सोमवार
साहेबांचा मूड खराब. आज नको.

२५ ऑगस्ट
साहेबांचा मूड फारच चांगला. कशाला घालवा.

३० ऑगस्ट
बॅग भिजली म्हणून बायकोने रिकामी केली. पिवळा बिल्ला घेऊन आली. "हा कुणाचा?" नमुन्याचा, म्हणालो. तिने बिल्ला उलटून नंबर पाहिला आणि म्हणाली, "नमुन्याचा नंबर वहिनींच्या पॉलिसीवर कसा?"
तिला पॉलिसीवरचा नंबर पाठ असेल अशी कल्पना नव्हती. म्हणाली, "क्लेमसाठी घरातली प्रत तीनदा मीच वाचून दाखवली वहिनींना फोनवर."
रात्री भात करपला होता. काही बोललो नाही. घरात शांतता राखणं पुरुषाच्या हातात असतं.

११ सप्टेंबर
बायकोच्या हातात बांगड्या नाहीत. पॉलिशला दिल्यात म्हणे. चांगलं आहे, बरेच दिवस मळकट दिसत होत्या.
दुसरी चांगली बातमी : पुतणीची या सहामाहीची फी भरली गेली. वहिनी उगाच घाबरत होती. माणसाने ठरवलं की वाट निघते.

५ ऑक्टोबर
जिल्ह्यात पहिला! दोनशे अकरा जनावरं आणि दिलेले क्लेम शून्य. असा निकाल आणखी कुणाचाच नाही. शाल, ढाल, साहेबांशी हस्तांदोलन. भाषणात मी म्हणालो की गरिबीशी लढाई ही आकड्यांची नसते, माणसांची असते. टाळ्या.
बायको आली नाही. डोकं दुखत होतं. ढाल टीव्हीवर ठेवली होती, संध्याकाळी कपाटाच्या मागे सापडली. पडली असेल.

२ नोव्हेंबर
पॉलिश फार लांबलं. सोनाराकडे चौकशी केली. तो म्हणाला, "बांगड्या? त्या तर ताईंनी मोडल्या." घरी येऊन काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

८ नोव्हेंबर
नूतनीकरणासाठी वहिनीच्या गावात गेलो. एकाने सांगितलं पैसे नाहीत, एकाने म्हैस विकली म्हणाला. म्हैस त्याच्या मागे उभी होती.
वहिनी वीटभट्टीवर गेली होती. दुपारी आली. हातावर फडकं गुंडाळलेलं. कोरा चहा दिला, म्हणाली, "दूध नाही, भाऊजी." ज्या घरातून अर्ध्या गावाला दूध जायचं!
नव्या म्हशीसाठी ती बँकेत गेली होती. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरमध्ये पाहून चारचौघांत सांगितलं, तुमचं नाव फसवणूक करणाऱ्यांत आहे. वहिनी म्हणाली, "तुमचे दादा असते तर लाजेने मेले असते. तुम्ही दोन ओळी लिहून द्या फक्त. पैसे नकोत मला. नाव तेवढं काढा."
मी म्हणालो, देतो. चहा संपवला. मन भरून आलं होतं.

९ नोव्हेंबर
पत्र लिहायला बसलो. "सदर म्हशीस बिल्ला मी लावला नाही." वाचायला कठोर वाटतं. बदललं : "बिल्ला लावला गेला नाही." मग : "बिल्ला लावण्याच्या प्रक्रियेत त्रुटी राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही." हे भारदस्त आहे.
बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, "यात तुम्ही कुठे आहात?"
मग म्हणाली, "बैल गेला नि झोपा केला. पण द्या तरी."

१७ नोव्हेंबर
पुढच्या आठवड्यात बढतीची मुलाखत. पत्र त्यानंतर. मोठ्या पदावरून लिहिलेल्या पत्राला वजन असतं, त्यात वहिनीचाच फायदा.

२८ नोव्हेंबर
मुलाखत पुढे ढकलली.
बायको वहिनीकडे गेली. दोन दिवसांसाठी.

६ डिसेंबर
पुतणीने कॉलेज सोडलं. एका दवाखान्यात झाडू-फरशीला लागली. मी फोनवर म्हणालो, क्षेत्र तेच आहे, अनुभव कामी येईल. तिने फोन ठेवला. आजकालची मुलं.

१५ डिसेंबर
पत्र घेऊन साहेबांकडे गेलो. खरंच गेलो. पहिलं वाक्यही पुन्हा कठोर केलं होतं.
साहेब टेबल आवरत होते. योजना बंद. दोनशे अकरापैकी नूतनीकरण फक्त नऊ. वरचे म्हणतात, इथल्या लोकांत जागृती नाही. ऑफिस महिनाअखेर बंद, मी आणि ते दोघेही घरी.
तरी पत्र पुढे केलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. म्हणाले, "आता हे कुणाकडे पाठवू? फाईल बंद, कंपनी दुसऱ्या धंद्यात. नाव तसंच राहणार. चार महिन्यांपूर्वी आणलं असतंत तर एका फोनचं काम होतं."
जिना उतरताना लक्षात आलं की मला हायसं वाटतंय.
हे वाक्य खोडायचं होतं. राहू दे.
संध्याकाळी घरी आलो. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. बायको अजून वहिनीकडेच आहे. भट्टीवर दोघी जातात, असं शेजारीण म्हणाली. पायरीवर बसून राहिलो. कुणीतरी उघडेल असं वाटत होतं. बऱ्याच वेळाने खिशात हात गेला. किल्ली माझ्याकडेच होती.