सातव्या बुधवारची भाकर

शहापूर, ता. १९ ऑक्टोबर १९८६

रा. रा. जावईबापू तुलारामजी यांस सासरा गोमाजी व तुमच्या सासूबाई यांचा रामराम. इकडे सर्व खुशाल असून सीमेवरची तुमची खुशाली कळवीत जावी. धान निसवला आहे, गाय व्यायली (गोऱ्हा झाला), आणि रुखमा आमच्याकडे आनंदात आहे.

पत्रास कारण, ग्रामपंचायतीचा टीव्ही बंद पडला, त्याबद्दल भलतंसलतं तुमच्या कानावर जाण्याआधी खरं ते कळवावं. दर बुधवारी संध्याकाळी एक हिंदी मालिका लागायची. एक नामांकित सिनेमानटी फौजेतल्या सुभेदाराशी लग्न करते. तो सुट्टीवर येऊन तिच्या पावडरीचे डबे उंचीप्रमाणे रांगेत लावतो, ती त्याच्या सकाळच्या हजेरीला दुपारी बाराला उठते, असा एकूण विनोद. (मला दोनदा हसू आलं. सरपंच भय्याजी सारखेच हसत, पण ते बातम्यांनाही हसतात.) आमच्या आळीत फौजीची बायको म्हणजे आपली रुखमाच, म्हणून तिला पुढची सतरंजी मिळे आणि भाग संपला की बाया विचारत, तुझाही असंच करते का.

सहाव्या बुधवारी सुभेदाराची तार आली, 'येतो आहे', आणि नटी शूटिंग सोडून स्टेशनवर जाऊन उभी राहिली. तिथेच भाग संपला. सातव्या बुधवारी तुमच्या सासूबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा गडवा घेऊनच पंचायतीत गेल्या. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकल्याशिवाय त्याला घरात घ्यायचं नसतं, मग तो टीव्हीतला का असेना, असं त्यांचं म्हणणं. पण मालिकाच बंद झाली होती (दिल्लीत कोणाला हसू आलं नाही म्हणे). तिच्या जागी एक चष्मेवाले साहेब धानावरच्या तुडतुड्यांवर बोलत होते. मी म्हटलं, चला घरी. तर म्हणतात, "आणलेली भाकर वापस नाही नेत मी. वापस नेली त आपला जवाई कसा येईन?" आणि त्यांनी साहेबांवरून तीनदा ओवाळून पाणी सांडलं. जरा जास्तच सांडलं. साहेब तुडतुड्यांसकट गेले, ते अजून आलेले नाहीत.

बाया मात्र अजून विचारतात, सुभेदार पोहोचला की नाही. सगळं खोटं असतं म्हणून मी समजावतो. रुखमा तर त्यांना हसते. कळावे, लोभ असावा.

ता. क. रुखमा आनंदात आहे असं वर लिहिलं, ते पत्राच्या रिवाजाप्रमाणे. त्या बुधवारपासून नागपूरची एसटी फाट्यावर थांबली की ती दारात येते. "बाबा, त्याईले काही लिहू नोका," म्हणाली, म्हणून टीव्हीबद्दल लिहिलं.

ता. क. दुसरा. दिवाळीनंतर गावची मंडई भरते, त्या जत्रेला चार दिवसांची सुट्टी मिळाली तर पाहावी. तुमच्या सासूबाई रोज भाकरी झाल्या की एक तुकडा काढून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी गाईला घालतात. मात्र निघताना तार करू नका. तार त्यानेही केली होती. सरळ दारात या.