खाटेवरून मांडवात

प्रिय आई,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. त्यासाठी चार दिवस आधीच जबलपूरहून बालाघाटला आले, आणि आज दुपारी तुझ्या कादंबरीची आठवी, शेवटची वही वाचून संपवली. म्हणून लिहायला बसले. मराठीत पत्र मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे. जी काही मराठी जमते आहे, ती तुझ्याच वह्यांतून उचललेली आहे.

जन्मभर तू सरकारी शाळेत हिंदी शिकवलीस. मग कादंबरी मराठीत का, असं मी एकदा विचारलं होतं. कादंबरीतल्या लग्नघरातली माणसं तुझ्याशी मराठीतच बोलतात, असं तू म्हणालीस. बाबा गेल्यावर तू ती लिहायला घेतलीस. दर नव्या वहीच्या पहिल्या पानाला हळदकुंकू लावायचीस आणि लांजीपलीकडे माहेरी गेलीस की ती वही गावदेवीच्या, माता मायच्या ठाण्यावर ठेवून आणायचीस. मला हसू यायचं. वहीला कसला आलाय आशीर्वाद!

तुझ्या शेवटच्या दिवाळीत तू सातवी वही माझ्यापुढे धरलीस.

"मंजू, एकच प्रकरण वाचून पाह्य. कसं झालं ते सांग."

"आई, मले नाही समजत तुही पुस्तकातली मराठी. हिंदीत लिहिलं असतं त वाचलं असतं."

तू "हौ" म्हणालीस आणि वही कपाटात ठेवून दिलीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. दोन महिन्यांनी तू गेलीस.

वह्या मी सोबत जबलपूरला नेल्या. अक्षर ओळखीचं, पण शब्द अडायचे. एकेका पानाला अर्धा अर्धा तास लागायचा. पण तुझ्या कादंबरीतली यमुना हळूहळू घरातली वाटायला लागली. तिच्या लग्नासाठी जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव उभा राहतो, घराघरातून तांदूळ येतो, बाया हळदीची गाणी म्हणतात. हे सगळं वाचताना मी कितीदा एकटीच हसले. आई, तू इतकी गमतीदार होतीस? मला का कधी कळलं नाही?

मग सातव्या वहीतलं ते प्रकरण आलं.

यमुनेच्या वडिलांना लकवा मारलेला. मुहूर्त जवळ आला, तेव्हा भाऊबंद म्हणतात, कन्यादान काका करेल, आजाऱ्याला घरातच राहू द्या. यमुना बोहल्यावर उभी राहायला तयार होत नाही. तिची आई अनवाणी माता मायच्या ठाण्यावर जाऊन बसते. नवऱ्याला उठव, असं ती मागत नाही. लेक बापाला न भेटता जाऊ नये, एवढंच मागते. परत येऊन बघते तर चौघांनी नवऱ्याची खाट उचललेली. ज्याच्याशी बांधावरून दहा वर्षं बोलणं नव्हतं, त्या शेजाऱ्यानेच पुढचा पाय धरलेला. फिकट पिवळा नवा सदरा घातलेला बाप खाटेसकट मांडवात येतो आणि म्हणतो, "मले उभं रायता येत नाही, पण पोरीचा हात त हातात देता येते."

त्या पानावर मी थांबले. तो सदरा माझ्या ओळखीचा होता.

सतरा वर्षांपूर्वी माझं लग्न तुला माहेरच्या गावात करायचं होतं. मी ऐकलं नाही. जबलपूरच्या माणसांना खेड्यात कुठे नेणार? म्हणून इथेच, घरापासून दोन गल्ल्यांवरचं लॉन घेतलं. बाबांना लकवा मारून तेव्हा वर्ष झालं होतं. तोंड वाकडं झालेलं, लाळ गळायची. तू म्हणालीस, खुर्चीवर बसवून नेऊ. मी म्हटलं, "बाबाले तिथं त्रास होईन, आई. राहू दे घरीच."

त्रास बाबांना होणार नव्हता, मला होणार होता. सासरचे लोक बघतील, याची मला लाज वाटत होती. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. तुला मात्र त्याच क्षणी कळलं असणार.

कन्यादान काकांनी केलं. निघताना मी घरी पाया पडायला आले, तेव्हा बाबा खाटेवर टेकून बसले होते. अंगात फिकट पिवळा नवा सदरा. तू सकाळीच त्यांना घातला होतास. दिवसभर ते तसेच तयार होऊन बसले होते का गं? वाजंत्री तर तिथपर्यंत ऐकू येत असेल. दोन वर्षांनी बाबा गेले. तू मला त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नाहीस. का बोलली नाहीस?

आज आठव्या वहीच्या शेवटी घडी घातलेले कागद सापडले. वर लिहिलं होतं, 'मंजू के लिए'. तेच खाटेचं प्रकरण, तू हिंदीत उतरवलेलं. त्या दिवाळीनंतर लिहिलं असणार. अक्षर थरथरलेलं आहे.

मी दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. ओळ न ओळ तीच. फक्त हिंदीत एक वाक्य जास्तीचं आहे. बापाची खाट टेकवल्यावर यमुना खाली वाकते आणि 'अपने आँचल से पिता का मुँह पोंछती है'.

आई, हे वाक्य मराठीत नाही. ते तू फक्त माझ्यासाठी लिहिलंस. हा मला लावलेला बोल होता, की जे माझ्या हातून राहिलं ते तू यमुनेच्या हातून करून घेतलंस?

संध्याकाळी गावाहून तुझ्या वहिनीचा, मामीचा फोन आला. तिला मी कागदांबद्दल काही सांगितलं नाही. तीच आपणहून बोलली. कादंबरी पुरी झाली की माता मायपुढे सगळ्या बायांना वाचून दाखवीन, असं तू तिला कबूल केलं होतंस म्हणे. तिला वाचता येत नाही. ती अजून वाट बघते आहे.

"आता कोन वाचन, पोरी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, मी वाचते.

उद्याचं श्राद्ध झालं की परवा सकाळच्या बसने लांजीमार्गे मामीकडे निघते. आठही वह्या घेऊन. मी अडखळेन, बाया हसतील, हसू देत. तुझं लिखाण मराठीतच वाचीन. खाटेचं प्रकरण आलं की ते जास्तीचं वाक्यही मराठीत करून त्यात घालीन. आणि मग वही मिटून, माता मायसमोर, सगळ्यांना सांगीन की माझ्या लग्नात माझा बाप दोन गल्ल्यांवर बसून होता आणि मी त्याला आणू दिलं नाही. हा माझा तुला शब्द आहे.

तुझी,
मंजू