दगडी हौदाच्या काठावर

प्रिय ट्रिना,

हे पत्र तुझ्या वकीलबाईंच्या हातून तुला मिळेल. अक्षर बघून घाबरू नकोस. उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट वळत नाहीत, म्हणून ओळी अशा वाकड्यातिकड्या चालल्यात. बाकी मी बरी आहे. तुझी गुलाबाची झाडं पोत्यात गुंडाळून ठेवलीत आणि जूनीच्या मांजरीला पिल्लं झालीत, त्यातलं एक अगदीच आगाऊ आहे. आता ऐक. मीठमसाला लागून कुठून तरी तुझ्या कानावर येण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

नाताळात जूनी फोनवर तुम्ही लपून राहता त्या गावाचं नाव बोलून गेली, ते मी कुणाला सांगितलं नाही. पण नातीचा फोन आला होता, एवढं मात्र आनंदाच्या भरात चर्चमध्ये बोलून बसले. ते क्लेटनच्या कानावर गेलं. जानेवारीतल्या एका रविवारी तो दारात उभा. दाढी केलेली, तोंडाला दारूचा वास नाही. म्हणाला, "आई, चल ना, कालव्यावर चक्कर मारून येऊ. लहानपणी न्यायचीस तशी." मला वाटलं, सुधारला. हसू नकोस. त्या गोड आवाजाला तू लग्नानंतर भुललीस, मी तर तो पाळण्यात असल्यापासून भुलत आलेय.

कालव्यातल्या नावा ओढणारी खेचरं पूर्वी ज्या वाटेने चालायची, त्या वाटेवर घोटाभर बर्फ होता. कालवा गोठून पांढरा झालेला, पाहुण्यांना फिरवायची नाव ताडपत्रीखाली झाकलेली, माणूस एकही नाही. तो माझ्या गुडघ्यांची चौकशी करत होता, माझा हात धरून चालत होता. पाणी भरून-सोडून नावा वरखाली करायचा तो जुना दगडी हौद आला आणि तो थांबला. "ट्रिना कुठे आहे?" मी म्हटलं, मला काय माहीत. "चर्चमध्ये तर मिरवत होतीस!" म्हणाला आणि थोबाडीत मारली. चष्मा उडाला. तो त्याने बुटाखाली चिरडला, सावकाश, माझ्याकडे बघत. मग माझा हात हातात घेतला. आधी आवाज आला, कळ नंतर आली. "अजून बरीच बोटं आहेत, आई. गावाचं नाव सांग." दुसरं मोडलं तेव्हा मी बर्फात ओकले. तुमच्या गावाचं नाव जिभेवर होतं, ट्रिना, अगदी टोकावर. मी दात आवळले. त्याने बरगडीत लाथ घातली, कॉलर आणि स्कार्फ धरून मला हौदाच्या कडेला ओढलं आणि म्हणाला, "बघ खाली." मी अंग टाकून दिलं, मटकन बसले. कडेचा दगड काचेसारखा निसरडा होता. त्याचा पाय गेला, आणि माझा स्कार्फ हातात घेऊन तो खाली बर्फ फोडून पाण्यात पडला.

भिंती उभ्या, शेवाळलेल्या. धरायला काही नाही. "आई! आई गं!" असा तो लहानपणी तापात कण्हायचा तेव्हाच ओरडलेला मला आठवतो. आणि मी नुसती उभी राहिले. हे तुला सांगायलाच हवं. तुझा सुजलेला डोळा मला दिसत होता, कपाटात लपलेली जूनी दिसत होती. थोडं आणखी उभी राहिले असते तर तुम्ही दोघी सुटला असता. मग त्याचं डोकं पाण्याखाली गेलं आणि माझे पाय नावेकडे धावले. मी काही ठरवलं नव्हतं. ताडपत्रीखालून लांब काठी ओढली, त्याने ती धरली, आणि मी डाव्या हाताने नि कोपराने तोलून धरली. कुत्रा फिरवायला आलेला होस्टेटलर म्हातारा ओरडत आला, "वर्ना, सोड, माझ्याकडे दे! अगं, सोड आता!" माझी मूठच सुटेना. पडक्या पायऱ्यांकडून आम्ही त्याला वर घेतलं. निळा पडला होता, दात वाजत होते. मी कोट काढून त्याच्या अंगावर घातला, कान तोंडाशी नेला, तर म्हणतो, "सांग ना, कुठे आहे ती?" तेव्हा मी होस्टेटलरला म्हटलं, पोलिसांना बोलाव.

कोर्टात मी सगळं सांगितलं. त्याच्या वकिलाने विचारलं, "बाई, स्वतःच्या मुलाविरुद्ध?" मी म्हटलं, हो, माझाच आहे, म्हणून तर मला माहीत आहे. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. वकीलबाई म्हणतात, त्याआधीही सुटू शकेल.

सुटला की तो आधी माझ्याकडे येईल, ट्रिना, कारण मी त्याला पाण्यातून बाहेर काढून जिवंत ठेवलं. त्याची माफी मी तुझ्याकडे मागत नाही. पुन्हा तसं झालं तरी काठीच आणायला धावेन. म्हणूनच हे लिहितेय. ते गाव सोड. नव्या गावाचं नाव मला कळू देऊ नकोस, फोन करू नकोस, जूनीच्या वाढदिवसालाही नाही. रडली तर सांग, आजी म्हातारी झाली, तिला ऐकू येत नाही. या वेळी मी तोंड उघडलं नाही. पुढच्या वेळचा भरवसा मला माझा नाही.

कुठे आहेस ते न विचारणारी,
तुझीच,
वर्ना