कानस की पाटा

१० जानेवारी
आप्पांचा चाकू मी मोडला. झालं लिहून!

योगेंद्रदादाच्या स्कुटीच्या डिक्कीत बेडूक सोडायचा होता. सीटचं कुलूप उघडेना. आप्पा म्हणजे माझे आजोबा; त्यांचा घडीचा चाकू घातला नि पिळला — टक्! अर्धं पातं गेलं. बेडूकही पळाला.

चाकू आप्पांच्या बापाचा. अख्खं प्रकाशा गाव ओळखतं त्याला. केळीची पहिली कापणी असली की पहिली फणी आप्पा त्यानेच कापतात नि केदारेश्वराला नेतात. एरवी फडक्यात गुंडाळून कोनाड्यात. कापणी एकवीसला!

गेल्या महिन्यातच बोलले होते, "आखो एक उद्योग करा, ते सुरतले मामाकडे धाडी दिसू." म्हणजे आणखी एक खोडी केली की सुरत! मामाचं दुकान. सकाळी सातला शटर. मेलो.

११ जानेवारी
मिटून ठेवला. मिटलेला असला की कळत नाही. पण उघडतीलच ना!

१२ जानेवारी
आईला सांगितलं फॉर्म भरायला जातो, नि विसरवाडी गाठली. फडक्यात चाकूच्या जागी माझा कंगवा.

लोहार गोवालकाकांची भट्टी हायवेला. बाहेर ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्यांचा ढीग. मी म्हटलं, स्टेनलेस लावा, गंजायला नको. काका हसले — "केळीना चीकवर स्टेनलेस काळं पडस का? तुन्हा आजा आंधळा शे का?" खरंच की. आप्पांचं पातं चीक पिऊन पिऊन शाईसारखं झालेलं.

मग म्हटलं, जुनी कानस घासून करा. धार टिकते म्हणतात. "टिकस. पन पिळशी ते काचसारखी फुटी. आनि तू पिळनाराच शे."

राहिला ट्रकचा पाटा. धार परत परत लावावी लागते, पण वाकेल, मोडायचा नाही. ठरलं — पाटा.

काकांनी मुठीची खीळ ठोकून काढली. पात्याचं बूड बाहेर आलं, मुठीत दडलेलं. त्यावर बारीक तिरके दाते! काका बघतच राहिले. "हाई ते कानसच शे. कोनी तरी पहिलेच बदलेल शे."

कोणी? आप्पा तर सांगतात, बापाचं अस्सल पातं!

१५ जानेवारी
आप्पांनी फडकं हातात घेतलं. दाबलं. माझ्याकडे बघितलं. परत ठेवलं.



१८ जानेवारी
चाकू आणला. पातं आरशासारखं! ठेवायला गेलो — फडकं रिकामं. कंगवा नाही!! कोणी नेला?

केळीच्या दांड्याचा चीक चोळतोय. वाळला की परत. बोटं काळी झाली. आई म्हणे, "काय रे हाई?" पेन फुटला म्हटलं.

२० जानेवारी
पातं अजून तपकिरीच. उद्या कापणी.

२१ जानेवारी
सगळे बांधावर उभे. आप्पांनी चाकू उघडला. अंगठा फिरवला. नखाने पातं वाजवलं. थांबले. योगेंद्रदादा बोलला, "आप्पा, काय व्हयनं?" — "काही नही." नि फणी कापली. एका झटक्यात.

मंदिरातून येताना आम्ही दोघंच. हळूच म्हणाले, "पाटानं शे ना?"

मी मान हलवली.

"बरं करं. मी तुन्हाएवढा व्हतू, बापनी पेटीनं कुलूप पिळाले गयतू. पातं मोडनं. मी कानसनं बसाडं — चुकनं मन्हं." मग खिशातून माझा कंगवा काढला, उरलेले चार केस विंचरले नि हात जोडले. "कोनले सांगू नको रे भो. बापलेबी नही समजनं मरेपावत."

रात्री
आप्पा माझ्यापुढे हात जोडतील असं वाटलं नव्हतं. ही वही कोणाच्या हाती लागली तर — पाया पडतो, बोलू नको. माझं सांग हवं तर, जातो सुरतला. आप्पांचं कोणाला सांगू नको!